डॉक्टर वानखडे माड तपासतात

डॉक्टर वानखड्यांनी डाव्या हाताची दोन बोटं माडाच्या खोडावर टेकवली, उजव्या हाताच्या बोटाने त्यांवर ठोकलं आणि कान देऊन ऐकलं. छातीत पाणी झालंय का ते बघायला डॉक्टर लोक असं ठोकतात. खोड भरीव निघालं. डॉक्टरांनी गंभीरपणे मान हलवली.

"वय काय याचं?"

"माझे लग्नाचे वर्षी लावला," मंदाकाकू म्हणाल्या.

"भूक कशी आहे?"

मी मागून त्यांच्या पाठीत कोपर ढोसलं.

"म्हणजे खत किती लागतं," डॉक्टर म्हणाले.

आमच्याभोवती नागावातली बरीच माणसं गोळा झाली होती आणि प्रत्येकाच्या वाडीत एक तरी आजारी माड होता. डॉक्टर मूळचे नागपूरकडचे. नारळ त्यांनी तोवर देवळात आणि चटणीत पाहिलेला. मी फार्मासिस्ट. आम्ही दोघं एका एआरटी सेंटरला नोकरीला होतो. एआरटी सेंटर म्हणजे एचआयव्ही झालेल्या माणसांना जिथे तपासतात आणि औषधं देतात ती जागा. माडांशी आमचा काडीचाही संबंध नाही. तरी आम्ही तिथे उभे राहून एका झाडाच्या भुकेची चौकशी का करत होतो, ते सांगते.

आमचे एक पेशंट होते. त्यांना विसूभाऊ म्हणू, खरं नाव सांगायचं नसतं. नागावात नारळ-सुपारीची वाडी, पुढे दोन खोल्यांचा होमस्टे. बोलायला तिरकस, पण रांगेत कधी घुसले नाहीत. त्यांना एचआयव्ही असल्याचं फार उशिरा कळलं. कसा झाला हे मी विचारलं नाही. मला विचारायचं कारण नसतं, आणि ज्यांना फार विचारावंसं वाटतं त्यांनी खिडकीच्या या बाजूला नोकरी करू नये. घरात फक्त बायकोला, सुनंदावहिनींना माहीत होतं. त्यांची तपासणी निगेटिव्ह आली होती.

आता थोडं शिकवते, कंटाळू नका. आपल्या रक्तात पहारेकरी पेशी असतात. रिपोर्टमध्ये त्यांना सीडी-फोर म्हणतात. एचआयव्ही या पहारेकऱ्यांनाच मारतो. ते फार कमी झाले की त्या अवस्थेला एड्स म्हणायचं. मग एरवी आपल्या वाटेला न जाणारे जंतूही घरात घुसतात. टीबी येतो, न्यूमोनिया येतो, जुलाब लागतात, तोंडात बुरशी धरते. सरकारी भाषेत यांना 'संधिसाधू संसर्ग' म्हणतात. हा शब्द ज्याने काढला त्याला माणसांचा चांगला अनुभव असणार.

म्हणून आमच्याकडे औषधं दोन तऱ्हांची. एआरटीची गोळी विषाणूला दाबते, म्हणजे पहारेकरी हळूहळू वाढतात. पण त्याला वेळ लागतो. तोवर घराला कडी लावायची म्हणून एक मोठी पांढरी गोळी रोज देतो. ती आजार झाला म्हणून नसते, होऊ नये म्हणून असते. हे वाक्य मी रोज बोलते आणि रोज कुणीतरी विचारतं, "पण मला काय झालंच न्हाय, तर गोली कशाला?" आणि एवढं करूनही एखादा संधिसाधू आत शिरलाच, तर त्याचं औषध वेगळं.

विसूभाऊंच्या तोंडात असा एक शिरला. डॉक्टरांनी टॉर्च मारला तर जिभेवर, टाळूवर, पार घशापर्यंत दही सांडल्यासारखे पांढरे डाग. गिळताना दुखत होतं.

"बुरशी आहे," डॉक्टर म्हणाले. "खाली अन्ननलिकेतही उतरलेली दिसते. या गुलाबी गोळ्या देतो. रोज एक, न चुकता. बुरशीचं खास औषध आहे."

"बुरशीचं? कसलीपन बुरशी जाते?" विसूभाऊंनी विचारलं.

"एकदम रामबाण," डॉक्टर म्हणाले.

या प्रश्नाला आणि या उत्तराला आमच्यापैकी कुणीच महत्त्व दिलं नाही.

पुढच्या खेपेला विसूभाऊ आले तेव्हा डाग जरा कमी होते. त्याच्या पुढच्या खेपेला पुन्हा होते तसे. वजन घटलेलं, शर्ट खांद्यावरून ओघळलेला. घेतलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या परत आणा असं आम्ही सांगतो, म्हणजे औषध पोटात गेलं की कपाटात राहिलं ते कळतं. विसूभाऊंच्या पट्ट्या अगदी वेळच्या वेळी रिकाम्या. मी तर इतरांना त्यांचं उदाहरण देत असे.

डॉक्टर कोड्यात पडले. "मॅडम, औषध पोटात जातंय आणि बुरशी हलत नाही. म्हणजे ही बुरशी औषधाला जुमानत नाही." मग विसूभाऊंकडे वळून म्हणाले, "तुम्हाला मुंबईला पाठवतो. दुर्बिणीने बघतील, अ‍ॅडमिट करून शिरेतून औषध देतील."

"मुंबईला न्हाय जायाचा."

"का?"

"वाडी कोन बघल? आनि मानसं इचारतील, काय झालंय म्हनून. काय सांगू?"

"घशाखाली अन्न उतरलं नाही, तर वाडी बघायला तुम्हीच राहणार नाही," डॉक्टर म्हणाले. ते असं सरळ क्वचितच बोलतात. विसूभाऊ पिशवी उचलून गेले आणि पुढच्या तारखेला आले नाहीत.

मी फोन केला. वहिनींनी उचलला. म्हणाल्या, पेजसुद्धा उतरत नाही. एआरटीची गोळी गिळताना डोळ्यांतून पाणी येतं, दोनदा तर उलटून पडली. ती गोळी सुटली की विषाणू मोकाट, मग पहारेकरी वाढण्याची आशाच संपली. एका घशातल्या बुरशीमुळे अख्खा माणूस हातचा जाणार होता.

घरी जायचं तर पेशंटची परवानगी लागते. विसूभाऊ फोनवर आले. "या, पन हॉस्पिटलचे गाडीतनं नको. कोनी इचारलं तं सांगा, कृषी खात्यातनं आलो."

मी म्हटलं, दुसऱ्या खात्याचं नाव घेतलं तर माझी पेन्शन जाईल. शेवटी असं ठरलं की आम्ही नुसतं 'खात्यातून आलो' म्हणायचं. कुठल्या, ते लोकांनी ठरवायचं. तेवढं खोटं माझ्या पेन्शनला परवडणार होतं.

डॉक्टर अशा भेटींना सहसा येत नाहीत. त्या दिवशी म्हणाले, मलाही येऊ द्या, समुद्र बघायचा राहिलाय. त्यांना समुद्राचं काही पडलेलं नव्हतं. आदल्या आठवडाभर ते विसूभाऊंचा केसपेपर उघडत होते आणि मिटत होते.

डॉक्टरांच्या गाडीतून आम्ही निघालो. विसूभाऊंच्या घराशी उतरतो तोच कुंपणापलीकडून आवाज आला, "कुठनं आले?"

या शेजारच्या मंदाकाकू. अंगणात सुपाऱ्या सोलत बसल्या होत्या. गल्लीत आलेली गाडी त्यांच्या नोंदीशिवाय पुढे जात नसावी.

"खात्यातून," डॉक्टर म्हणाले.

"कुठले खात्यातनं?"

डॉक्टरांनी घाबरून वर पाहिलं. वर माड होता. काकूंना तेवढं पुरलं. "अगो, कृषीवाले आले गो!" अशी त्यांनी जी हाक दिली ती बीचवरच्या घोडागाडीवाल्यालाही ऐकू गेली असेल. आम्ही विसूभाऊंच्या पायरीपर्यंतही पोचलो नव्हतो. ते ओटीवर भिंतीला टेकून बसले होते, गालफडं आत गेलेली. आम्हाला बघून उठायला लागले, तेवढ्यात काकूंनी डॉक्टरांच्या हाताला धरून त्यांना आपल्या वाडीत नेलंसुद्धा.

तर माड तपासायची वेळ अशी आली.

डॉक्टर खचले नाहीत. माणसांना विचारतात तेच त्यांनी माडांना विचारलं. त्रास कधीपासून? घरात आणखी कुणाला असा त्रास? आधी कुठे दाखवलं होतं का? लोकांना फार बरं वाटलं. इतकं खोलात जाऊन माडाची चौकशी आजवर कुणी केली नव्हती. एकाने तर सुकलेली झावळी रिपोर्टसारखी समोर धरली आणि डॉक्टरांनी ती उजेडात धरून पाहिली.

"उपाय काय?" काकूंनी विचारलं.

डॉक्टरांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "पाणी भरपूर द्या. त्यात थोडं मीठ, थोडी साखर."

हा जुलाबाचा सल्ला होता. पण माडाच्या बुंध्यात मीठ घालायची आमच्याकडे जुनी पद्धत आहे. म्हातारी माणसं एकमेकांकडे बघून मान हलवायला लागली. साहेब तरुण दिसतो, पण जाणकार आहे.

"आनि साखर?" एकाने विचारलं.

"साखर नको," मी घाईने म्हटलं. "साहेब नवीन आहेत."

आता सुटका होईल असं वाटलं. पण मंदाकाकू म्हणाल्या, "साहेब, माझे माडाला तसा सलाईन लावाल का? विसूभाऊनं लावलाय तसा?"

"सलाईन?" डॉक्टरांनी असा काही चेहरा केला, जणू आता झाडांनाही बेड द्यावे लागणार.

मला कळलं. माझं माहेरही नारळाच्या वाडीचं. माडाला मुळातून औषध पाजायची एक रीत असते. बुंध्यापासून थोडं लांब उकरायचं, पेन्सिलीएवढं जाड एक जिवंत मूळ शोधायचं, तिरपं कापायचं. प्लॅस्टिकच्या पिशवीत औषधाचं पाणी घालून मुळाचं टोक त्यात बुडवायचं आणि पिशवी सुतळीने बांधायची. माड ते पाणी हळूहळू ओढून घेतो. कीड पडली की बागायतदार असं औषध देतात.

सगळी मंडळी विसूभाऊंच्या अंगणात आली. होमस्टेच्या दारातच एक उंच माड होता. पाहुणे त्याला झोपाळा बांधून फोटो काढायचे. त्याचा शेंड्याचा कोंब काळवंडून वाकला होता. कोंब कुजला की माड वाचवणं कठीण. बुंध्याजवळ माती उकरलेली, आणि मुळाला पिशवी.

काकूंनी वाकून पिशवी वर धरली. आत गुलाबी पाणी होतं. तळाशी अर्धवट विरघळलेली गुलाबी गोळी होती, मधे रेघ असलेली.

आयुष्य या गोळ्या वाटण्यात गेलं. मी ती अंधारातही ओळखली असती. माझ्या डोक्यात एकदम सगळा उजेड पडला आणि पाठोपाठ असा राग आला की कानशिलं तापली. मी विसूभाऊंकडे पाहिलं. ते ओटीवरून माझ्याकडेच बघत होते, शाळेत कॉपी सापडलेल्या पोरासारखे.

पण बोलणार कसं? भोवती अर्धी आळी उभी.

"हे औषध," मी दात आवळून म्हटलं, "या माडाला रोज देता?"

"एक दिसाआड," विसूभाऊ म्हणाले.

"आणि मधल्या दिवशी?"

"मदले दिसी दुसऱ्याला."

"कुठला दुसरा?" काकू इकडेतिकडे बघायला लागल्या. "दुसरा तं बरा दिसतो."

डॉक्टरांच्या लक्षात आलं. त्यांचा चेहरा आधी पडला आणि मग त्यांना हसू आवरेना. ते माडाआड गेले.

"आणि त्या दुसऱ्याचं कसं आहे?" मी विचारलं.

"त्याला गिळवत न्हाय."

"माडाला गिळवत न्हाय म्हंजे?" काकूंनी विचारलं.

"मुळं आखडलीत," माडाआडून डॉक्टर म्हणाले. मग बाहेर येऊन त्यांनी ते केलं, ज्याबद्दल मी त्यांच्या शंभर चुका माफ केल्या. मोठ्याने म्हणाले, "चला, मागच्या आळीतले माडही बघून घेतो. एकही सोडायचा नाही." आणि अख्खी वरात घेऊन गेले. त्या दुपारी त्यांनी किती खोडं ठोकली ते त्यांनाच ठाऊक. बोटं सुजली होती.

अंगणात मी, विसूभाऊ आणि दारात उभ्या वहिनी, एवढेच उरलो.

"अहो, ती गोळी तुमची होती!" माझा आवाज चढला. "निम्म्या औषधाने बुरशी मरत नाही, नुसती चिडते. आम्ही तिकडे डोकी खाजवतोय, तुम्हाला मुंबईला धाडायला निघालोय, आणि तुम्ही झाडाशी वाटणी करताय?"

"डॉक्टर बोलला ना, रामबान हाय."

"माणसाच्या बुरशीला! माडाचा रोग वेगळा, त्याचं औषध वेगळं. तुमच्या गोळीने त्याला कप्पाळ फरक पडत नाही."

विसूभाऊंनी बोटांवर हिशेब केला. "मंजे त्याला पन न्हाय लागली, न् मला पन न्हाय?"

"दोघांना उपाशी ठेवलंत."

"मी म्हटला, माझा तं नुसता घसा दुखतो. त्याचा तं कोंबच गेला." मग त्यांनी शेंड्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "आन् खरं सांगू बाई? तो नारल देतो. त्याला बघून पावनं येतात. मी काय देतो? बसून गोल्या खातो. तुमचे सरकारचे. दोघांतला एक वाचवायचा तं तोच बरा."

खिडकीतून गोळ्या देताना मी त्यांना औषध कधी घ्यायचं, कशाबरोबर घ्यायचं, सगळं सांगितलं होतं. ते घेण्याइतकी आपली किंमत आहे असं या माणसाला वाटतच नसेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. त्यांच्याबद्दल इतकी माया दाटून आली, की रागही तिच्यात बुडाला.

बोलल्या त्या वहिनी. दारातून पुढे आल्या, खाली बसल्या, मुळाची पिशवी सोडली आणि गुलाबी पाणी मातीत ओतून दिलं.

"मी माडाशी न्हाय लगीन केलं," त्या म्हणाल्या. "उद्यापासून गोली माझे समोर घ्यायची. तोंड उघडून दाखवायचा."

एवढं बोलून त्या आत गेल्या आणि पातळ पेज घेऊन आल्या. विसूभाऊंनी घोट घेतला, कळ आली, डोळे मिटले, तरी दुसरा घेतला. मी सोबत नव्या गुलाबी पट्ट्या नेल्याच होत्या. वहिनींनी त्या माझ्या हातातून घेऊन पदरात बांधल्या. माडाकडे त्यांनी असं पाहिलं, जणू सवत आहे.

मुंबईला पाठवायचा कागद डॉक्टरांनी थोडा थांबवून ठेवला. आधी पूर्ण औषध रोज पोटात जाऊ दे, म्हणाले, मग बघू. त्या कागदाची गरज पडली नाही. पूर्ण औषध पूर्ण माणसाला मिळाल्यावर बुरशी मुकाट्याने गेली. पुढच्या खेपेला विसूभाऊंनी खिडकीशीच आ करून मला जीभ दाखवली. मागच्या रांगेला वाटलं, हा बाईंना वेडावून दाखवतोय. जीभ स्वच्छ गुलाबी होती. आदल्या दिवशी बोंबलाचं कालवण खाल्लं म्हणाले, तेही तिखट.

माडासाठी मी खऱ्या कृषी खात्यातल्या ओळखीच्या माणसाला पाठवलं. त्याने कुजका भाग कापून औषधाचा लेप दिला, पण फार उशीर झाला होता. नवी सुई, म्हणजे नवं पान, काही फुटली नाही. मंदाकाकूंचा माड मात्र मिठाने की ठोकण्याने कोण जाणे, टवटवीत झाला. त्या अजून 'खात्याच्या साहेबां'साठी विसूभाऊंच्या हाती नारळ पाठवतात. आपण ते घ्यावेत की नाही, यावर डॉक्टर दर वेळी गहन विचार करतात आणि दर वेळी घेतात.

या प्रकरणातून माझ्या कामात एकच बदल झाला. गोळ्या देताना मी आता एक जास्तीचा प्रश्न विचारते: "यात घरात आणखी कुणाचा वाटा आहे का?" आधी सगळे हसतात. मग खरं बाहेर येतं. एकाने पांढरी गोळी कोंबड्यांना दिली होती, कारण त्या माना टाकत होत्या. एक बाई आपल्या गोळ्या सासूला देत होती, कारण सासूला शेजारणीपेक्षा कमी औषधं असल्याचं वाईट वाटत होतं. विचारलं नसतं, तर याही दोघांच्या रिकाम्या पट्ट्यांचं मी कौतुक केलं असतं.

विसूभाऊ परवा आले होते. वजन भरलेलं, शर्ट खांद्यावर नीट बसलेला. औषधं पिशवीत टाकत म्हणाले, "माड पाडला. त्याच जाग्यावर रोप लावलाय, बानवली जातीचा."

"नारळ कधी धरेल?"

"सात-आठ वर्सं तरी जातील." मग पिशवीकडे बघून जरा विचार केला. "तवर थांबावा लागल मला."

मी त्यांना तोंडावर सांगून टाकलं, की त्या रोपाला आमच्या खिडकीतून काही मिळणार नाही.

"मागतोय कोन?" विसूभाऊ म्हणाले. "त्याला पानी मी घालीन. तुमी माझा बघा."